पुनर्विवाह केलेला नाही

मला एक खोड होती. निराधार अनुदान मंजूर झालेली बाई पुढे कधी कुठल्या कामाने माझ्या खिडकीशी आली, की मी तिला विचारायची, "पहिल्या पैशातून काय घेतलं?" सरकारच्या कुठल्याही फॉर्मात असा रकाना नाही. साहेब म्हणायचे, मॅडम, तुम्हाला काय करायचंय? पण बावीस वर्षं विधवांचे कागद हाताळल्यावर एवढं कुतूहल माणसाला माफ असावं.

उत्तरं ऐकण्यासारखी असत. एकीने चपला घेतल्या होत्या, जन्मातल्या पहिल्या. एकीने चष्मा केला. एका म्हातारीने अर्धा किलो मटण आणलं. "कोनालेच नाही देल्लं जी," ती मला हळूच म्हणाली. "दार लावून एकटीनं खाल्लं." आणखी एकीने मेलेल्या नवऱ्याचा फोटो मोठा करून घेतला होता. तो तिला मारायचा हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "मारे जी, पन फोटोत चांगला दिसते."

आणि सयत्राने घेतलं होतं कुलूप. हे सगळं लिहायला घेतलंय ते तिच्यासाठीच. बाकीच्यांचे किस्से मी चारचौघांत सांगून हशा मिळवला आहे, तिची गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे बाहेरच्यांना कळेल. तहसील कार्यालयात एक टेबल निराधारांचं असतं. आमचं तालुक्याचं गाव कोणतं ते सांगत नाही, भंडारा जिल्ह्यातलं एक समजा. नवरा गेलेली आणि उत्पन्न अगदीच तुटपुंजं असलेली बाई तिथे अर्ज करते. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पोरांच्या वयाचे पुरावे. उत्पन्नाची मर्यादा अशी ठेवलेली, की तिच्यात बसणारा माणूस जगतो कसा हाच प्रश्न पडावा. त्यामुळे सगळेच थोडं खोटं लिहितात, आणि आम्ही ते थोडं खोटं फायलीला लावून खरं करून घेतो. मग समिती बसते. मंजुरी आली की एखादा पुढारी मंडप टाकतो, बायांना ओळीने उभं करून पत्रं वाटतो, आणि माइकवरून 'आमच्या विधवा भगिनी' असं दर दोन वाक्यांनी ऐकवत राहतो. त्यानंतर दरमहा पैसे. आधी मनिऑर्डर यायची आणि पोस्टमन चहापाण्याचे कापून उरलेले द्यायचा, नंतर बँकेत थेट खात्यात येऊ लागले. सयत्राच्या वेळी महिन्याचे सहाशे होते.

वर्षातून एकदा पडताळणी. बाईने स्वतः हजर राहून दोन गोष्टी लिहून द्यायच्या. एक, मी जिवंत आहे. दोन, मी पुनर्विवाह केलेला नाही. पहिली गोष्ट समोर दिसतेच. दुसरीसाठी तलाठ्याचा दाखला लागतो आणि गरज पडली तर आम्ही गावात जाऊन चौकशी करतो. लग्न केलं की अनुदान बंद. म्हणजे सरकार बाईला मदत करतं ती तिने विधवा राहावं या बोलीवर. हे वाक्य मी नोकरीत असताना कधी उच्चारलं नाही, आता कोण काय करणार आहे?

मीही त्यांच्यातलीच. माझे यजमान याच ऑफिसात कारकून होते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी ते गेले आणि अनुकंपावर त्यांच्या जागी मला घेतलं. बाया मला 'बाबूबाई' म्हणायच्या. त्यांच्या विधवापणाला सरकारने सहाशे रुपये दिले, माझ्याला टेबल, खुर्ची आणि पुढे पेन्शन दिली, फरक तेवढाच. माझ्या पहिल्या पगारातून मी काय घेतलं हे मात्र मला कुणी विचारलं नाही.

असो. एका उन्हाळ्यात खिडकीशी एक माणूस आला. चाळिशीचा, काळा, उंच, अंगाला धरणाच्या पाण्याचा आणि मासळीचा वास. नाव देवाजी. गोसीखुर्दच्या पाण्यात त्याचं गाव गेलं होतं आणि तो पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात राहत होता. मासे मारायचा.

"मॅडमजी, फारम द्या. बायको मेली."

"फॉर्म कुणासाठी?"

"माह्याचसाठी. नवरा मेला त बाईले पैसे भेटते म्हनतेत."

"ते बाईला. पुरुषाला नाही."

"काहून? बायको मेली त माह्या घरची चूल का सरकार येऊन पेटवते?"

रांगेतल्या बाया हसायला लागल्या. तो मात्र गंभीर होता. मूलबाळ नव्हतं, दिवसभर डोंग्यात, घरी आलं की अंधार आणि थंड चूल. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती आणि मी फॉर्मची नोकर. रांगेत मागून एक बाई बोलली, "चूल पेटवाले शिका ना भाऊ. आमी नाही का मजुरीले जाले शिकलो?" ती सयत्रा.

तिचा अर्ज अर्धवट होता म्हणून मी परत केला. तासाभराने तो पूर्ण भरून आला, मोठ्या वाकड्या अक्षरात. तिला लिहिता येत नव्हतं. बाहेर कडुलिंबाखाली बसून देवाजीने त्याच्या चौथी पास अक्षरात तो भरून दिला होता. ज्याला सरकार काही देणार नव्हतं त्याने तिचा अर्ज भरला. मला तेव्हा फार मौज वाटली.

सयत्राचा नवरा धानाच्या कापणीत गेला होता. भारा उचलायला हात घातला आणि खालून साप निघाला. पदरात आठ वर्षांची प्रणाली. राहायची भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या घरी, मागच्या पडवीत. तांदळाच्या कोठीची किल्ली जेठाणीच्या, म्हणजे थोरल्या जावेच्या कमरेला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर सयत्रा आणि तिची पोर जेवायच्या. हे तिने रडून सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं.

अनुदान सुरू झाल्यावर ती आली तेव्हा मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"कुलूप घेतलं जी."

"कशाला लावायला?"

"पेटीले. पेटीत काई नाही. दोन लुगडे हायेत जुने. पन आता माह्या पेटीले कुलूप हाये."

पुढच्या वर्षी तिने पडवीतच वेगळी चूल मांडली. मग जेठाणीकडून कधी भाजीची वाटी येऊ लागली आणि भासरा तिला नावाने हाक मारू लागला, आधी नुसतं 'ए' म्हणायचा. सहाशे रुपयांनी माणूस श्रीमंत होत नाही, पण घरात त्याची गणती होते. हे पैसे बायांना आळशी करतात असं म्हणणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत, त्यातले निम्मे माझ्याच ऑफिसातले. महागाई भत्ता एक महिना लांबला की हेच लोक घोषणा द्यायला गेटावर उभे. मी शेकडो बाया पाहिल्या. दरमहा ठरल्या दिवशी पैसे येणार म्हटलं की बाईची मान वर होते आणि पोर शाळेतून काढली जात नाही. प्रणालीही शाळेत राहिली. तिने आईला पाटीवर सही शिकवली. बँकेच्या स्लिपवर पहिल्यांदा सही केल्यावर सयत्रा ती स्लिप मला दाखवायला आली होती. कार्बनखालची प्रत तिने मागून घेतली होती.

ते दोघं एकत्र माझ्याकडे आले तेव्हा प्रणाली पाचवीत होती. धान निघाले होते, ऑफिसात गर्दी नव्हती. देवाजी धुतलेला सदरा घालून आला होता आणि बोलायचं काम त्याने सयत्रावर सोडलं होतं.

"मॅडमजी, आमी पाट लावतो म्हनतो."

पाट म्हणजे विधवेचं लग्न. आमच्याकडे बऱ्याच समाजांत पूर्वीपासून चालतं. मंडप नाही, वाजंत्री नाही, चार पंच बसतात, नवं लुगडं, बांगड्या, नारळ, झालं. कुणी त्याला नावं ठेवत नाही. शिकलेल्या घरांत, माझ्यासारखीच्या घरात, ते अवघड असतं. तिथे नाही.

"पैसे बंद होतीन का?" तिने विचारलं.

"होतील."

मी देवाजीला विचारलं, मासळीचं किती सुटतं? तो म्हणाला, एखादा हप्ता जाळं भरते, एखादा हप्ता रिकामं. सयत्रा मध्येच म्हणाली, "याचा भरोसा हाये जी. मासोळीचा नाही."

आता मी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "मग घाई कशाची? पोरगी बारावी होऊ द्या. पंचांत जाऊ नका. पाट लावला की गावभर होतं, तलाठ्याला लिहावंच लागतं. तुम्ही आपले आहात तिथे राहा, भेटायला कोण अडवतं? कागदावर काही आणू नका."

देवाजीला ते आवडलं नाही. "म्हनजे चोरी कराची?"

"चोरी नाही. थांबायचं."

सयत्राने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे, गळ्याकडे. मग विचारलं, "तुमी बी थांबल्या का जी?"

मी "हो" म्हटलं आणि पुढची फाईल ओढली.

खरं उत्तर एवढं सोपं नव्हतं. यजमान गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी जिल्हा परिषद शाळेतल्या एका मास्तरांनी मला विचारलं होतं. भला माणूस. माझी नोकरी जाणार नव्हती, घरातून कुणी हाकलणार नव्हतं. तरी मी नाही म्हटलं. लोक काय म्हणतील, सासूबाईंना काय वाटेल, असली कारणं दिली. ते बदली करून आंबागडकडे गेले आणि नंतर लग्न करून मोकळे झाले. तेव्हा सयत्राला सल्ला दिला तो नियम ठाऊक असलेल्या कारकुनाने दिला, हे खरंच आहे. पण मी थांबले तर हिने काय घाई करावी, असंही माझ्या मनात कुठेतरी होतं. ते त्या दिवशी मला कळलं नाही. कळायला नऊ वर्षं गेली.

त्यांनी माझं ऐकलं. ऑफिसातल्या माणसाने सांगितलेलं खेड्यातली माणसं ऐकतात, तीच तर भीती आहे. त्यांचा संसार आठवड्यातून एका दिवसाचा झाला. अड्याळच्या बाजारात देवाजी मासे घेऊन बसायचा आणि सयत्रा शेजारी पावशीवर, आमच्याकडच्या विळीवर, मासे कापून द्यायची. बाजार उठला की तो तिच्या गावी, तिच्या पडवीत मुक्कामाला जायचा आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सायकलने धरणाकडे. बाकीचे सहा दिवस ती विधवा. दर वर्षी ती पडताळणीला यायची, मी फॉर्म भरायची, 'पुनर्विवाह केलेला नाही' या ओळीखाली ती सावकाश, जीभ दाताखाली धरून सही करायची. तलाठ्याला ठाऊक होतं, कोतवालाला ठाऊक होतं, भासऱ्यालाही. कुणी बोलत नव्हतं.

बोलला तो भासरा. सयत्राने नवऱ्याच्या वाट्याच्या एका बांधीचं, धानाच्या शेताच्या तुकड्याचं, नाव काढलं, तर याने ऑफिसात अर्ज दिला, की सदर बाईने दुसरा घरोबा केला असून ती शासनाची फसवणूक करत आहे. असा अर्ज आला की चौकशी करावीच लागते. साहेबांनी माझ्याकडेच दिली. मी बाजाराच्या दिवशी अड्याळला गेले.

मासळीच्या ओळीत ते दोघं बसले होते. मी जरा लांब, मिरचीवाल्याच्या पालाआड उभी राहिले. गिऱ्हाईक ओसरलं तशी सयत्राने हात पुढे केले, आणि देवाजीने लोट्याने तिच्या हातांवर पाणी घातलं. ती बोटं चोळत होती, खवले निघेपर्यंत तो थांबून थांबून, बेताने धार सोडत होता. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. मग तिने ओला हात त्याच्या बाहीला पुसला आणि तो काहीतरी करवादला. लग्न लागलेलं नसलं म्हणून काय झालं? माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या संसारात माझ्या हातावर असं कुणी पाणी घातल्याचं मला आठवत नाही.

मी परत येऊन अहवाल लिहिला. "समक्ष पाहणी केली असता सदर महिला ही देवाजी यांच्याकडे रोजमजुरीने मासे कापण्याचे काम करते. अन्य संबंध आढळून आले नाहीत." भासऱ्याचा अर्ज दप्तरी दाखल, म्हणजे कायमचा गाडला गेला. त्या वाक्यावर मी फार खूश होते. 'रोजमजुरीने' हा शब्द मला सुचला याचा मला अभिमान वाटला होता. संध्याकाळी घरी चहा घेताना मी मनात ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं होतं.

प्रणाली बारावी झाली. दोघं पुन्हा आले. देवाजीचे केस पांढरे व्हायला लागले होते. पोरीला नर्सिंगला पाठवायचं होतं, नागपूरला, आणि अनुदान तोवर हजारावर गेलं होतं. मी म्हटलं, आणखी दोन वर्षं. देवाजी या वेळी वाद न घालता हसला. "मॅडमजी, तुमच्या सरकारले आमच्यासाठी मुहूर्तच नाही भेटून राहिला." नव्या गावठाणातलं घर त्याने वाढवलं होतं, दोन खोल्या, मागे न्हाणी. न्हाणीचं दार सयत्राच्या पसंतीचं, निळं. ती त्या घरी कधी राहिली नव्हती. दार मात्र निळं होतं, असं तिने मला सांगितलं.

दोन वर्षं गेली. प्रणाली नागपूरच्या एका दवाखान्यात लागली. यंदा धान निघाले की पाट, असं ठरलं. सयत्रा मुद्दाम सांगायला आली होती. "आता नाव काटा माहं," म्हणाली. "धान निघाले की येतो अर्ज घेऊन." इतक्या वर्षांत अनुदान बंद करा म्हणून सांगायला आलेली दुसरी बाई मी पाहिली नाही. मी तिला म्हटलं, लुगडं कोणत्या रंगाचं घेणार? ती लाजली. पन्नाशीकडे आलेली बाई पदर तोंडाशी धरून लाजली.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला होता, धान अजून हिरवे होते. त्या बाजाराच्या दिवशी मासळीच्या ओळीत देवाजीची जागा रिकामी होती. सयत्रा पावशी मांडून बसली. दुपारी शेजारच्या मासळीवालीने विचारलं, "तू इथं कायले बसली बाई? देवाजी त मेला ना. तीन दिस झाले." छातीत कळ आली, त्याच्या पुतण्याने दवाखान्यात नेलं, तिथेच गेला. तिला कळवायला कुणी आलं नाही. कळवणार कशाला? ती कोण लागत होती?

तिथून ती तशीच त्याच्या घरी गेली. पुतण्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, "तुमी कोन?" निळं दार तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, लांबून.

महिन्याभराने ती खिडकीशी आली. मी बाहेर जाऊन तिला बाकावर बसवलं. पुतण्याने देवाजीच्या घरावर वारस म्हणून आपलं नाव लावायला टाकलं होतं आणि तिला त्यावर हरकत घ्यायची होती.

"घर नको मले," ती म्हणाली. "त्यालेच राहू द्या. पन त्या कागदावर माहं नाव येऊ द्या, बायको म्हनून. त्याईचं तोंड नाही पाह्यलं मी. कागदावर तरी पाहीन."

"अनुदान बंद होईल," मी म्हटलं. सवयीने. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मी खाली मान घालून तिचा हरकतीचा अर्ज लिहून दिला.

सुनावणी आमच्याच इमारतीत झाली. पुतण्या मोटारसायकलवर आला, हातात प्लास्टिकची फाईल. त्याने माहितीच्या अधिकारात नकला काढल्या होत्या. नऊ वर्षांची नऊ घोषणापत्रं, प्रत्येकावर सयत्राची ती जीभ दाताखाली धरून केलेली सही. आणि सगळ्यात वर माझा अहवाल. फाईलची खात्री करायला साहेबांनी मला आत बोलावलं.

"बाई, या सह्या तुमच्या?"

"हो जी."

"यात तुम्ही दर वर्षी लिहून दिलंय, की पुनर्विवाह केलेला नाही. मग आता बायको कशा?"

साहेबांनी अहवाल मोठ्याने वाचला. 'रोजमजुरीने' शब्द आला तेव्हा पुतण्या मान डोलावत होता. "मॅडम, हा अहवाल तुमचा?"

"हो साहेब."

तेव्हा सयत्रा बोलली. "मॅडमले इचारा ना जी. त्याईनं पाह्यलं हाये. ते माह्या हातावर पानी टाकत होते. या मिरचीवाल्याच्या आड उभ्या होत्या, मी पाह्यलं होतं."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मी उभी होते हे तिला तेव्हाच दिसलं होतं, आणि तरी तिने हात पुढे केले होते. मी पाहावं म्हणून केले असतील. कुणीतरी सरकारी माणसाने एकदा पाहून ठेवावं म्हणून.

साहेब माझ्याकडे पाहत होते. माझी निवृत्ती सात महिन्यांवर होती. खोटा अहवाल दिला म्हटलं तर चौकशी, पेन्शन अडकणार. शिवाय तिच्याकडून इतक्या वर्षांचं अनुदान वसूल करायला निघाले असते, हेही खरं आहे, आणि नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला तेच सांगत राहिले. पण त्या क्षणी माझ्या मनात तिची वसुली नव्हती. माझी पेन्शन होती.

"अहवालात आहे तेच, साहेब," मी म्हटलं.

हरकत फेटाळली गेली. सयत्रा उठली आणि पावशी गुंडाळलेलं फडकं काखेत घेऊन गेली. कुठून तरी सरळ कामावरूनच आली असावी.

त्यानंतरची पडताळणी माझ्या नोकरीतली शेवटची. ती येणार नाही असं मला वाटलं होतं. पण एका सकाळी रांगेत दिसली, सहावी की सातवी. नंबर आल्यावर तिने आधार कार्ड आणि पासबुक पुढे ठेवलं.

"सयत्राबाई," मी म्हटलं. पुढे काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"भरा जी फारम," ती म्हणाली. "साहेबानं लिवून देल्लं ना, मी कोनाची बायको नोहोय म्हनून. मंग पैसे काहून सोडू?"

मी फॉर्म भरला. नाव, वय, गाव. 'पुनर्विवाह केलेला नाही' हे छापीलच असतं, ते लिहावं लागत नाही. मी पेन तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही, डाव्या हाताचा अंगठा पुढे केला.

"सही करा ना. तुम्हाला सही येते."

"येते जी. नऊ साल केली, तुमी सांगतलं म्हनून. आता या ओळीखाली सही नाही करत. अंगठा घ्या."

अंगठा घेताना बाईचं बोट आपल्या हातात धरावं लागतं. मी धरलं, शाईच्या पॅडवर टेकवलं, कागदावर दाबलं. मासळीच्या काट्यांनी चिरलेला अंगठा, ठसा नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा घ्यावा लागला. तो होईपर्यंत ती खिडकीबाहेर कडुलिंबाकडे पाहत होती. शाईने तिचा अंगठा आणि शेजारचं बोटही काळं झालं होतं. माझ्या टेबलावर पाण्याची बाटली होती. मी झाकण काढलं, खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिच्या हातावर पाणी घालायला बाटली तिरकी केली.

तिने हात मागे घेतला.

"राहू द्या जी," ती म्हणाली, आणि अंगठा केसांना पुसून मागच्या बाईला जागा करून दिली.